पुढचा भोई

सन दोन हजार अठराचा सप्टेंबर सरत आला होता. भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला होता. पाऊस ओसरला होता, परंतु घोडमाळाची वाट अद्याप वाळली नव्हती.

“मग हे तुम्ही वाजवत का नाही, बुवा?”

जानू ढेबेने हे विचारले तेव्हा सोमगिरीबुवा मठाच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘हे’ म्हणजे पोलादाची एक मोठी दातेरी चकती. मठासमोरच्या उंबराच्या फांदीला ती तारेने टांगलेली होती. टांगणारा जानूच. आरतीच्या वेळी तास म्हणून बडवा, असे सांगून त्याने शेजारी एक जुना पानाही ठेवून दिला होता. बुवा दोन्ही वेळची आरती नेमाने करीत. चकतीला मात्र त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

“तिचे काम संपले का?” बुवांनी विचारले.

“संपलं म्हणून तर दिली.”

“असे...”

एवढे म्हणून त्यांनी तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला.

जानू मूळचा माळावरच्या धनगरवाड्याचा. काही वर्षे तो समुद्रकाठी एका मालकाकडे नोकरीला होता. तेथे पर्यटकांना वाळूवर फिरवणाऱ्या चारचाकी एटीव्ही होत्या. त्या दुरुस्त करणे हे त्याचे काम. मालकाने धंदा आवरला तेव्हा त्याने त्यांतली एक गाडी मागून घेतली आणि माळाच्या पायथ्याशी, तळवाडीत, मठाच्या पडवीत आणून उभी केली.

त्याला कारण होते. माळावर जाणारी धड सडक नव्हती. होती ती एक दगडगोट्यांची चढण. आजवर वरचे आजारी माणूस खाली आणायचे ते डोलीतून. डोली म्हणजे दोन बांबूंना बांधलेली वेताची खुर्ची आणि तिला चार भोई. आता खांदा देणारे तरणे गडी शहराकडे गेले होते. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना स्वतःचीच पाठ उचलवत नव्हती. डोली मठाच्या आढ्याला बांधून ठेवली होती आणि तिच्यात चिमण्यांनी घरटे केले होते.

आणि माळावर जानूची बहीण सारिका पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितले होते. गर्भाची वार खाली सरकलेली आहे. हिसका बसता कामा नये. दसऱ्यानंतर आणून दाखल करा. त्याआधी अंगावर रक्त जाऊ लागले तर मात्र क्षणाचाही विलंब नको.

ते ऐकल्या दिवसापासून जानूचा हात वरचेवर खिशातल्या मोबाईलकडे जाई. जेवता जेवता जाई, बोलता बोलता जाई. फोन आला तर गाडी वर किती लवकर पोहोचेल, हा एकच हिशेब त्याच्या डोक्यात फिरत असे.

समुद्रावरची ती गाडी मऊ वाळूत ओझे ओढण्यासाठी जुळवलेली होती. इंजिनाकडचे पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चकती, लहान आणि मागच्या आसावरचे मोठे. अशा जोडीने ओढ मिळते, वेग मिळत नाही. जानूने ती जोडी बदलली. पुढे मोठे घातले, मागे लहान घातले. चेनचे जादा झालेले दुवे काढून एका डबीत टाकले. एकट्या जानूला घेऊन गाडी चढणीवर पूर्वीच्या निम्म्या वेळात जाऊ लागली. काढलेले मोठे स्प्रॉकेट उंबराला टांगले गेले.

या करामतीचे बुवांनी कौतुक करावे, अशी त्याची फार इच्छा होती.

“उद्या मला वर ने,” तांदळाचे सूप बाजूला सारीत बुवा म्हणाले. “आणि खालीही आण.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जानूने बुवांना मागे बसवले आणि गाडी अशी पिटाळली की बुवांची टोपी दोनदा उडाली. वाड्यावरची म्हातारी मंडळी गाडीभोवती जमली. एकाने ही गाडी आहे की उधळलेले करडू, असे विचारले. दुसऱ्याने हिला दाणे किती लागतात याची चौकशी केली. जानू हसला आणि मनात सुखावला.

आई तेवढी हसली नाही. ती सारिकेला धरून दारात उभी होती.

“जान्या, हिच्यासंगं मी येणार. तुझ्या करडाच्या मागं पळायला मला चार पाय लावून दे आधी.”

“तू मागून ये ना सावकाश. हिला पोचवणं महत्त्वाचं.”

“आणि वाटेत हिनं धरायला हात मागितला तर?”

सारिकेने गाडीच्या मागच्या बाजूकडे पाहिले आणि पदर पोटावरून घट्ट ओढून घेतला.

उतरताना पहिला टप्पा बरा गेला. नंतर घसरडी लागली. सगळ्या वाटेत हा टप्पा वाईट. डाव्या हाताला दरड, उजव्या हाताला खोल ओढा आणि पायाखाली ओला मुरूम.

बुवांनी जानूच्या खांद्यावर हात ठेवला.

“थांब.”

ते खाली उतरले. अंगावरची भगवी छाटी गुडघ्यांवर खोचली. गाडीच्या पुढे चार हातांवर जाऊन, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

“चल आता.”

“बुवा, तुम्ही मागं व्हा. पुढं नको.”

ते चालू लागले होते.

जानूने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सोडली. क्षणभर वाटले, इंजिन गाडीला रोखून धरील. इंजिनाने धरले नाही. चाकांनी उलट इंजिनालाच पळवायला सुरुवात केली. त्याने ब्रेक दाबला. पुढची चाके अडली आणि मुरुमावरून सरळ घसरू लागली. त्याने ब्रेक सैल केला. गाडी पुढे धावली. पुन्हा दाबला. या वेळी ब्रेकची मूठ मऊ लागली आणि पार दांड्याला जाऊन टेकली.

समोर भगवी पाठ. तीन हातांवर... दोन हातांवर...

“बुवा, बाजूला व्हा.”

बुवांनी वळून पाहिले नाही. पाऊलही जलद उचलले नाही. उतारावर माणूस चालतो तसे, टाच आधी रोवून, ते चालत राहिले.

जानूने हँडल डावीकडे पिळले. गाडी दरडीवर आदळली आणि बंद पडली. मातीचा एक लोट त्याच्या मांडीवर आला. त्याचे दोन्ही हात हँडलवरून सुटत नव्हते.

बुवा परत आले. त्याच्या शेजारी दगडावर बसले.

खाली ओढा वाजत होता.

“डोलीला पुढे कोण असायचा?”

“चढताना का उतरताना?”

“उतरताना.”

“सगळ्यांत दांडगा गडी.” जानूने ओठ ओले केले. “आमचा बा असायचा.”

“ओढायचा?”

“नाही... उतरताना काय ओढायचं?”

“मग दांडगा कशाला हवा?”

जानूला बापाची मान आठवली. शिरा तट्ट फुगलेल्या. टाचा मुरुमात रुतलेल्या. सारा भार आपल्या अंगावर घेऊन तो मागे रेलायचा, आणि खुर्चीतल्या माणसाला उतार आहे हे कळायचेसुद्धा नाही.



“तुझ्या गाडीला पुढे कोण आहे?” बुवांनी विचारले.

“बुवा, मला कळतंय तुम्ही काय म्हणता ते.” जानूचा आवाज चिरकला. “ती जुनी जोडी घातली की गाडी धरून उतरेल. ठाऊक आहे मला. पण वर जायला दुप्पट वेळ लागेल. तेवढ्यात सारिकेला काही झालं तर?”

“वर जाताना गाडीत कोण असते?”

“कुणी नाही. मी एकटा.”

“एकटा...?”

बुवा उठले. छाटी झटकली आणि उरलेली वाट पायीच उतरून गेले.

*

त्या संध्याकाळी जानू उंबराखाली उभा राहिला. त्याने तार सोडली आणि चकती खाली घेतली.

त्याने ती सदऱ्याच्या टोकाने पुसली. कडेवरून बोट फिरवले. पान्याचा एक घाव तिच्यावर बसता, तर दाते वाकले असते आणि चेन त्यांवर बसली नसती. एकही दाता दुखावलेला नव्हता.

त्याने ओट्याकडे पाहिले. बुवा वाती वळीत होते.

मोठे स्प्रॉकेट मागे गेले, लहान पुढे आले. डबीतले दुवे पुन्हा चेनमध्ये जोडले गेले. ब्रेकचे तेल त्याने नवे भरले. मग आढ्यावरची डोली उतरवली. घरटे रिकामे होते. ते त्याने उचलून वळचणीला ठेवले. डोलीची वेताची खुर्ची सोडवून गाडीच्या मागच्या कॅरिअरला बांधली, आणि बांधताना तोंड चढाकडे केले, म्हणजे उतरताना पाठीला आधार राहील. डोलीतही माणसाला तसेच बसवीत.

दुसऱ्या दिवशी घसरडीवर बुवा पुन्हा पुढे चालले. या खेपेस जानूने ब्रेकवरचा हात काढला. इंजिन घुरघुरले, कण्हले, पण त्याने भार अंगावर घेतला. गाडी बुवांच्या टाचांमागून वासरासारखी उतरत आली.

बुवांनी शाबासकी दिली नाही. जानूनेही विचारले नाही. त्याचा हात मात्र अजून खिशाकडे जातच होता.

*

फोन आश्विन शुद्ध द्वादशीला सकाळी आला. दसरा होऊन गेला होता आणि सारिकेला त्याच दिवशी खाली आणायचे ठरलेले होते. दुपारी, ऊन उतरल्यावर.

“जान्या,” आई म्हणाली, “अंगावर जायला लागलंय.” आणि फोन तुटला.

त्याने रुग्णवाहिकेला कळवले. बुवांना सांगायलाही तो थांबला नाही; ओट्यावर ते दिसले एवढेच.

ती चढण त्याला जन्मभर पुरेल अशी झाली. इंजिन जीव तोडून ओरडत होते आणि गाडी माणसाच्या चालीने जात होती. कडेच्या दगडावरचा सरडासुद्धा पळून जाण्याची तसदी घेत नव्हता. जानूला वाटले, उतरावे आणि पळत सुटावे. मग वाटले, जुनी जोडी घालून मी बहिणीला मारले. मग वाटले, आता वर पोहोचलो की आई दारात उभी असेल आणि काही बोलणार नाही...

‘एकटा?’ असे कोणीतरी विचारल्यासारखे झाले. त्याने मागे पाहिले. खुर्ची रिकामी होती. तरी ओझे होते. ते त्याने ओळखले. टाकता मात्र आले नाही. ते घेऊनच तो वर गेला.

सारिका भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा, डोळे उघडे. त्याला पाहून म्हणाली, “दादा, हळू ने हं.”

त्यांनी तिला खुर्चीत बसवले, उशा खोवल्या, छातीवरून शाल बांधली. आईने तिचा हात धरला.

“चल,” आई म्हणाली. “मी चालते बरोबर.”

ती चालली. सगळी वाट हात न सोडता चालली, कारण गाडी तिच्यापेक्षा जलद जात नव्हती.

घसरडीच्या तोंडाशी जानूने गाडी क्षणभर उभी केली. उजवीकडे ओढा. खाली, झाडांच्या फटीतून, रुग्णवाहिकेचा पांढरा टप आणि वरचा दिवा दिसत होता. इतकी जवळ. हात आपोआप गिअर बदलण्याकडे निघाला होता.

त्याने तो परत घेतला.

समोर वाटेवर कोणी नव्हते. पण जानूने गाडी सोडली ती चार हात जागा राखून. टाच आधी रोवणारे पाय जसे पडतील तशी. गोटा आला की थांबत, वळण आले की कलत. त्याची नजर त्या मोकळ्या जागेवरून एकदाही हलली नाही.

मागून सारिकेचा आवाज आला.

“दादा, घसरडी कधी येणार?”

“गेली,” आई म्हणाली.

*

जानू मठात परतला तेव्हा ऊन उंबराच्या शेंड्यावर गेले होते. कपड्यांना दवाखान्याचा वास येत होता. बुवा ओट्यावर पाय लांब करून बसले होते आणि वाटीतले तेल गुडघ्यांना चोळीत होते. दिवसभर ते मठातून हलले नव्हते, असे फाटकापाशीच मठात पाणी भरणाऱ्या पाणक्याने सांगितले होते.

जानू पायरीवर बसला. खिशाकडे हात न जाता काही वेळ गेला.

“पोट उघडून काढलं,” तो म्हणाला. “मुलगी आहे. दोघी नीट आहेत.”

बुवांनी मान हलवली.

“रक्त फार गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिसके बसले असते तर...” त्याने वाक्य सोडून दिले.

बुवा तेल चोळीत राहिले.

“बुवा, आज घसरडीवर पुढं कुणी नव्हतं.” जानू जमिनीकडे पाहत होता. “पण मी खालपर्यंत आलो ते तुमच्या पाठीकडे बघत.”

बुवांनी वाटी त्याच्यापुढे सरकवली.

“मग चोळ जरा. सकाळपासून टाचांपर्यंत कळ येते आहे.”