उंबऱ्याआतली कोरडी जागा

चपला बाहेर काढा, आणि उंबरा ओलांडलात की पाय जरा लांब टाका. तिथं वीतभर जमीन सारवलेली नाही, दिसली ना? हसू नका, आमच्या सुना कामचुकार नाहीत. निंबखोरीतल्या प्रत्येक घरात ही जागा कोरडी सोडतात. घरातून मढं उचललं, की त्या दिवसापुरती तेवढी सारवतात.

घाटात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. पायथ्याला, ह्याच निंबखोरीत, कोंडाबाई नावाची विधवा राहायची. घरात ती आणि तिचा तरणा मुलगा गेनू, एवढंच. ती वाटसरूंना भाकरी-ताक द्यायची. घाटात लुटारूंच्या दोन टोळ्या होत्या, एक हैबतीची आणि एक भिवाजीची. तिच्या घरात शिरताना हत्यार बाहेर ठेवायचं, हा तिचा नियम दोघंही पाळायचे म्हणे.

पुढं दोघांचं वैर हाताबाहेर गेलं, तेव्हा समेटाचं जेवणही तिच्याच घरी ठरलं. भर दुपारी हैबती एकटा आला, कुऱ्हाड बाहेर ठेवून पाटावर बसला. भिवाजीनं आणि त्याच्या माणसांनी मात्र घोंगड्यांत कोयते लपवले होते. कोंडाबाई भाकरी वाढायला वाकली आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी हैबतीची मान तोडली. प्रेत आणि कुऱ्हाड घेऊन निघताना भिवाजी म्हणाला, "समदं सारवून घे. कुनाला बोललीस, तर गेनू रानातनं जित्ता यायचा न्हाई."

गेनू माळावर गवत कापायला गेला होता. त्याच्यासाठी तिनं रडत रडत रक्तावरून शेणाचा हात फिरवला, सगळं घर सारवलं. घाबरलेल्या जिवाला एवढंही सुचलं नाही, की दिवस कलताना घर सारवतात ते मढं उचलल्यावरच.

थोड्याच वेळात हैबतीचा धाकटा भाऊ मल्हारी त्याला शोधत आला.

"मावशे, दादा हितं आलता?"

"न्हाई बाबा. कुनीबी आलं न्हाई."

त्याची नजर ओल्या जमिनीवर गेली. "मग आत्ता सारवलंस कशापायी? कोन गेलं?"

घरात दुसरं होतंच कोण? ती म्हणाली, "माझा गेनू गेला. मानसं घिऊन गेल्यात त्येला."

मल्हारीनं डोक्याचं मुंडासं काढलं आणि तिचं सांत्वन करायला ओसरीवर बसला, असं सांगतात. तेवढ्यात गेनू आला. भारा टाकून थेट आत शिरला. ओल्या शेणात त्याची दोन पावलं उमटली. "आये, ह्या वक्ताला सारवलंस?"

मल्हारी उठला. सगळं उमगलं त्याला: गेनू जिवंत, म्हणजे ह्या घरातून उचललेलं मढं दादाचं. म्हणाला, "आयचा शबूद खोटा पडाया नगं," आणि गेनूला उंबऱ्यावरच कापला. कोंडाबाई त्याच्या पाया पडत होती, भिवाजीचं नाव ओरडून सांगत होती. तेव्हा सांगून काय उपयोग? शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली होती. आमचेच पूर्वज ते, मला अजून चीड येते त्यांची.

त्यानंतर कोंडाबाई पुष्कळ जगली. घर सारवायची, पण त्या दोन पावलांवरून तिनं कधी हात फिरवला नाही. बायका ते बघायच्या, आणि आपापल्या घरीही तेवढी जागा सोडू लागल्या. कोणी म्हणतात गेनूसाठी, मी म्हणतो भीतीनं. ओली जमीन बघून पुन्हा कोणी विचारू नये, कोण गेलं म्हणून.

कोंडाबाई वारली तेव्हा रीतीप्रमाणे ती जागा सारवायला बायका शेण घेऊन बसल्या म्हणे, पण कोणाचा हात पुढं झाला नाही. तिचं घर कधीच पडलं. पण आजही नवी सून आली की सासू तिला त्या पडक्या घराच्या जागी नेते, जमीन दाखवते आणि सांगते, "हितं गेनूची पावलं व्हती. घर सारवशील तवा तेवढी जागा त्येला सोड."