खुडूक बसलेला कोंबडा

एका डोंगराच्या कुशीत, बांबूच्या बेटाआड एक रानकोंबडा राहत असे. त्याचा तुरा लालभडक, शेपटी हिरवीनिळी आणि स्वभाव फार काळजीखोर. कोणतेही काम करण्याआधी तो चार जणांना विचारी, आणि चौघांचे ऐकून झाले की पाचव्याला शोधत निघे. मुलांनो, कोंबडी अंड्यांवर किंवा पिल्लांवर ठाण मांडून बसली, की ती खुडूक बसली असे म्हणतात. कोंबड्याला मात्र कोणी खुडूक म्हटले, तर रानात त्याला तोंड दाखवायला जागा उरत नसे.

पौषातली सकाळ होती. पिल्ले अंड्यांतून बाहेर येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. चारा टिपायला गेलेली त्यांची आई परतलीच नाही. ओढ्याकाठी, कोल्ह्याच्या पावलांजवळ, तिचे एक तपकिरी पीस तेवढे सापडले. धुके असे दाट होते की झाडांचे बुंधे दिसत नव्हते, नुसते शेंडे तरंगत होते. सूर्य कुठेतरी दुधात बुडाला असावा. कोंबडा पिल्लांपाशी आला. सातही पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून एकच गोळा होऊन बसली होती. "केवढी माया यांची एकमेकांवर," असे मनाशी म्हणत तो निर्धास्त झाला, आणि त्यांना ऊब कशी द्यावी हे विचारायला निघाला.

ओढ्यात बगळा एका पायावर उभा होता. तो म्हणाला, "सोपं आहे. एक पाय पोटाशी घ्यायला सांग. निम्मी थंडी तिथंच वाचते."

"त्यांना अजून दोन पायांवरही धड उभं राहता येत नाही," कोंबडा म्हणाला.

"मग थोडी मोठी होऊ देत," असे म्हणून बगळ्याने डोळे मिटले.

साळिंदराने तर आपल्या पाठीखालीच जागा देऊ केली. कोंबड्याने त्याच्या काट्यांकडे पाहिले, आभार मानले आणि तो पुढे गेला. एका झुडपापाशी म्हातारी सशीण भेटली. "पिल्लं कशी आहेत रे?" तिने विचारले.

"छान आहेत. एकमेकांना बिलगून, अगदी एकावर एक बसलीत."

"बिलगून नाही रे बाबा, गारठून. ऊब मिळाली की पिल्लं ऐसपैस पसरतात. आणि तू इथं काय करतोयस?"

कोंबडा म्हणाला, "मला बसता येत नाही, सशीणबाई. कधी बसलोच नाही. पंख कसे धरायचे, भार किती टाकायचा? एखादं चिरडलं तर?"

"खाली वाळका पाला घाल, वाऱ्याकडे पाठ कर, पोटाची पिसं सैल सोड. बाकीचं तीच शिकवतील. पळ."

कोंबडा धावत आला. सहा पिल्ले क्षीण चिवचिवत होती. सातवे कडेला पडले होते, आणि त्याचे पाय थंड लागत होते. कोंबड्याने पायांनी पाला ओढला, वाऱ्याकडे पाठ केली आणि तो जपून, जपून खाली बसला. सहा पिल्ले एकेक करून पिसांत शिरली. सातव्याला त्याने चोचीने छातीशी ओढून घेतले. मग सगळे शांत झाले. बांबू हळूच कुजबुजत होते. धुक्यात आपण तरंगतो आहोत, असे कोंबड्याला वाटू लागले. समोरचा डोंगरही पांढरे पंख सैल सोडून कुणावर तरी बसला असावा, असेही वाटले.

तेवढ्यात बांबूच्या शेंड्यावर एक कावळा येऊन टेकला. "अरे वा, तुरेवाले खुडूक बसले वाटतं. अंडी कधी घालायची म्हणता?" मागून आणखी दोन कावळे हसले.

कोंबड्याचा तुरा पेटल्यासारखा झाला. वरच्या कातळावर जाऊन रान दणाणून सोडणारी बांग द्यावी, म्हणून तो अर्धवट उठला. पिसांखाली गार वारा घुसला. सहा पिल्ले कळवळली. सातव्याचा आवाजच आला नाही. कोंबडा पुन्हा खाली बसला.

"हो, खुडूक बसलोय," तो म्हणाला. "जरा हळू बोल. पिल्लं झोपतायत."

आता आणखी काय चिडवावे, ते कावळ्याला सुचेना. तो धुक्यात निघून गेला, आणि त्याच्यामागून ते दोघेही.

दुपारकडे धुके विरळ झाले. पिसांखालून एक पाय बाहेर आला, मग एक पंख, मग दुसरा पाय; सहाही पिल्ले ऐसपैस पसरून झोपली होती. छातीखाली डोकावून पाहण्याचा धीर कोंबड्याला होईना. तो तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या छातीच्या कातडीला इवल्या चोचीने टोचले. चांगले जोरात टोचले. कोंबडा जागचा हलला नाही.

तात्पर्य : मायेचे काम आपल्याला जमेल की नाही, या शंकेत वेळ घालवू नये, जवळ जाऊन बसावे, आणि कोणी हसले म्हणून उठू नये.