राजाचा पाय

फार पूर्वी नीलतीर्थ नगरात सुदर्शी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कोष्ट्यांच्या आळीत जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. मागावर बसला की त्याचे हात धोटा फेकीत आणि पाय खाली खड्ड्यात पावड्या दाबीत. दुसरे काही काम त्याला येत नव्हते, आणि यावे असे वाटतही नव्हते.

त्या नगरात एक जुना रिवाज होता. राजाच्या पणज्याने नगर वसवले तेव्हा त्याने रथ फिरवला आणि चाकोरीच्या आतली जमीन आपली म्हटली. पणजा गेला, रिवाज राहिला. राजरथाचे चाक ज्यावरून जाईल ते राजाचे. आधी जमीन, मग रस्त्यात वाळत घातलेले धान्य, मग कोंबडी, मग कुंभारणीची मडकी. मडक्यांचा चुरा झाला तरी खापऱ्या राजाच्या. रथाची घंटा ऐकू आली की लोक अंगणातले सगळे आत ओढीत. कोणी तक्रार करीत नसे. ऊन लागते तसा रथ येतो, असे ते मानीत.

एका सकाळी आळीत दाट धुके उतरले होते. सोमिलने रस्त्यात काठ्यांवर उभ्या सुताचा ताणा लावला होता आणि त्याची बायको मुदिता सुताला खळ लावीत होती. दोन हातांपलीकडे तिला नवरा दिसत नव्हता. पांढऱ्या सुतावर पांढरे धुके. सूत कुठे संपते आणि धुके कुठे सुरू होते ते कळत नव्हते. त्यात घंटा वाजली, पण धुक्यात ती दूरची वाटली. मग घोड्यांची तोंडे दिसली, नुसती तोंडे, मागे अंग नसल्यासारखी. सोमिलने धावत जाऊन ताण्याच्या काठ्या उपटल्या आणि सूत बाजूला ओढले. सूत वाचले. डावा पाय चाकाखाली गेला.

रथात सारथ्याखेरीज कोणी नव्हते. राजासाठी तळ्यावरची कमळे आणायला तो निघाला होता. सारथी रोहक याने एकदा मागे वळून पाहिले आणि घोडे पुढे हाकले. धुके पुन्हा मिटले.

वैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. सोमिल कित्येक दिवस तापात पडून होता. तापात तो विणीत होता. धोटा जात होता, येत होता, पण डावी पावडी खाली जात नव्हती, आणि विणलेले कापड मागावरून उठून आढ्याला लागून तरंगत होते. ताप उतरला तेव्हा पाय जागेवर होता. पण ओंडक्यासारखा. त्यात दुखणे तेवढे जिवंत राहिले होते.

मुदिता म्हणाली, "तांदूळ संपत आले. राजवाड्यावर जा."

"काय मागू?"

"पाय मागा. नाही दिला तर धान्य मागा. आपण दोघे जगू तोवर पुरेल एवढे."

सोमिल काठी टेकीत रथाध्यक्षाकडे गेला. राज्याचे सगळे रथ आणि सारथी या माणसाच्या हाताखाली होते. त्याने मान वर न करता विचारले, "पाय चाकाखाली आला होता का?"

"आला होता."

"पुरा?"

"पुरा."

"मग तो राजाचा झाला. राजाच्या वस्तूची दाद तू कशी मागतोस? तुझे काही गेले असेल तर सांग."

सोमिलने विचार केला आणि म्हणाला, "नाही. माझे काही गेले नाही."

रथाध्यक्षाला बरे वाटले. सोमिल बाहेर आला, महाद्वाराच्या पायरीवर बसला आणि डावा पाय दगडावर लांब पसरला.

द्वारपाल म्हातारा होता. तो म्हणाला, "ऊठ रे. इथे बसायचे नाही."

"बाबा, मी बसलो नाही. राजाचा पाय राजाच्या दारात आणून ठेवला आहे. रथाध्यक्षांनी आत्ताच सांगितले. उचलून फेकायचा तर फेका. पण राजाची वस्तू फेकल्याबद्दल काय होते ते तुम्हाला ठाऊक असेल."

द्वारपालाने पायाकडे पाहिले. मग सोमिलकडे पाहिले. "आणि वरचा तू?"

"वरचा मी माझा. पण पाय सोडून मला घरी जाता येत नाही."

द्वारपालाने आयुष्यभर कोणाशी वाद घातला नव्हता. तो आत गेला, विचारून आला, आणि कोणी काही सांगत नाही म्हणून पुन्हा आपल्या जागी उभा राहिला. दुपारी ऊन पायरीवर आले तेव्हा त्याने आपली छत्री उघडली.

"पायावर धरतोय," तो म्हणाला. "तुझ्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी मुदपाकखान्यातून पेज आली. पायाला उपाशी ठेवल्याचा ठपका नको म्हणून. सोमिलने पेज पायापुढे ठेवली, थोडा वेळ वाट पाहिली, आणि म्हणाला, "हा माझ्या तोंडाने खातो." दाराशी जमलेले लोक हसले. द्वारपालही हसला, पण तोंड फिरवून. त्यातली अर्धी पेज रोज मुदिता घरी नेई.

असे दिवस गेले. मोजायला गेले तर वीस, पण सोमिलला ते मोजता येत नव्हते. वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर सकाळी गुलाबी प्रकाश येई, दुपारी पांढरा, मग पिवळा. वरच्या सज्ज्यात पडदे हलत. पारवे उतरत, उडत. त्याला वाटे की कोणीतरी फार मोठ्या मागावर हे सगळे विणते आहे आणि आपण त्यात एक धागा होऊन आडवे पडलो आहोत. कधी वाटे, चाक अजून पायावरून जातच आहे. ते पलीकडे उतरलेच नाही.

रोज सकाळी रोहक रथ घेऊन त्या दारातून बाहेर पडे. तो घोड्यांच्या कानांकडे पाहत जाई.

शेवटी गोष्ट राजाच्या कानावर गेली. तो स्वतः दारात आला. सुदर्शी राजा वाईट नव्हता. त्याला कमळे आवडत, आणि ती कशी येतात हे त्याने कधी विचारले नव्हते.

"हा माझा पाय का?" राजाने विचारले.

"रिवाजाप्रमाणे, महाराज."

राजा मोठ्याने हसला. "मग माझा पाय दगडावर का? आत आणा त्याला. त्याला मऊ बिछाना द्या. आणि तू त्याचा सांभाळ करणारा. तू आणि तुझी बायको, जन्मभर माझ्या कोठारातून जेवा."

सोमिलच्या मनात घर उभे राहिले. धान्याने भरलेली कणगी, तिच्यात हात घालणारी मुदिता. जे मागायला तो आला होता ते मिळाले होते.

तेवढ्यात रथाध्यक्ष पुढे झाला. आपल्यावर काही यायच्या आत त्याला दुसऱ्यावर ढकलायचे होते. "महाराज, पाय आपला असेल तर एक गोष्ट राहते. आपला पाय मोडणाऱ्याला देहदंड आहे."

राजाचे हसणे थांबले. "तसा कायदा आहे?"

"पणजोबांपासून."

रोहकला आणले. त्याच्या तळहातांवर लगामांचे घट्टे होते. तो गुडघ्यांवर बसला आणि एवढेच म्हणाला, "धुके होते, महाराज. आणि कमळे उन्हाच्या आत आणायची होती. मी मागे पाहिले. थांबलो नाही."

सगळे सोमिलकडे पाहू लागले. आता पुन्हा धुके उतरल्यासारखे त्याला वाटले. एका बाजूला भरलेली कणगी दिसत होती. दुसऱ्या बाजूला नुसते एक तोंड दिसत होते, त्या सकाळच्या घोड्यांसारखे, मागे अंग नसलेले. या माणसाने आपल्याला रस्त्यात टाकले, हे तो विसरला नव्हता. वीस दिवस तो तेच मनात घेऊन बसला होता. पण हे डोके खाली पडून आपला पाय चालू लागणार नव्हता.

"महाराज," तो म्हणाला, "पाय माझा आहे."

"काय?"

"पाय माझा आहे. याने राजाचा पाय मोडला नाही. कोष्ट्याचा मोडला."

रथाध्यक्ष लगेच म्हणाला, "मग तुला धान्य नाही. चाकाखाली गेलेल्याची दाद नाही. तू स्वतः वीस दिवस पाय राजाचा आहे म्हणत होतास."

"खोटे बोलत होतो. चाक पायावरून गेले तेव्हा राजा झोपेत होता. त्याला काही झाले नाही. ओरडलो मी. अजून रोज पहाटे दुखते ते मला. ज्याला दुखते त्याचा पाय. मी खोटे बोललो आणि तुमचा रिवाजही खोटे बोलतो. मी माझे मागे घेतले."

असे म्हणून त्याने काठी ओढली आणि उठायचा प्रयत्न केला. त्याला उठता येईना. वीस दिवसांत पाय आखडला होता. द्वारपाल छत्री टाकून पुढे झाला, पण त्याच्या आधी रोहक पोचला. न विचारता त्याने सोमिलला पाठीवर घेतले. कोणी अडवले नाही. दोघे आळीच्या दिशेने निघाले.

वाटेत रोहक म्हणाला, "त्या दिवशी हे एवढेच करायचे होते."

"हो," सोमिल म्हणाला. "सावकाश चाल. दुखते."

राजा दारात उभा राहून ते दोघे दिसेनासे होईपर्यंत पाहत होता. मग त्याने रथाध्यक्षाला दूर केले आणि पणज्याचा रिवाज मोडला. राजरथाखाली येईल ते ज्याचे त्याचेच राहील. रथाने माणूस जखमी झाला तर रथ तिथेच थांबेल, जखमीला त्यातूनच वैद्याकडे नेले जाईल, आणि तो कामाला लागेपर्यंत, नाही लागला तर जन्मभर, त्याचे घर राजाच्या कोठारातून चालेल. धान्याची पहिली गाडी कोष्ट्यांच्या आळीत गेली. ती पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने गेली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात एका भिक्षूला सांगितली. राजाच्या धान्यगाडीने त्याचा हात मोडला होता. त्या गाडीवानाला सुळावर चढवा, असे सांगायला तो न्यायाधिकाऱ्याकडे निघाला होता.

शास्ते म्हणाले, "जा. हात मोडला आहे, दाद मागायलाच हवी. औषध माग, अन्न माग, रस्त्यावर गाड्या सावकाश चालाव्यात असे माग. त्याचा जीव मात्र मागू नकोस. त्या जन्मी सुदर्शी राजा होता तो आज आपल्या विहारात पाणी भरतो. मुदिता होती ती तुला रोज भिक्षा वाढणारी उपासिका. कोष्टी सोमिल मी होतो."

भिक्षू थांबला होता. "आणि सारथी?"

"तू," शास्ते म्हणाले. "पाठीवरचे माझे ओझे फार नाही असे तू तेव्हा म्हणाला होतास. पण माझ्या दारापर्यंत रडत होतास."

भिक्षूने मोडका हात छातीशी धरला. मग तो न्यायाधिकाऱ्याकडे गेला आणि त्याने फक्त औषध मागितले.

या जातकात सांगितलेली पारमिता, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेला गुण, ती क्षांती, म्हणजे क्षमा.