पुदिन्याची जुडी आणि खाऱ्या देशाची राणी

एक होती भाजीवाली, साळूबाई. तिला एकच लेक, वेणू. वेणू इतकी गुणाची, की समुद्राकाठच्या खाऱ्या देशाच्या राजानं तिला मागणी घातली. लग्न झालं. मेणा दारात आला. साळूबाईनं लेकीच्या ओटीत काय घातलं? सोनं नाही, मोती नाही. मळ्यातल्या तीन जुड्या घातल्या. एक कोथिंबिरीची, एक शेपूची, एक पुदिन्याची. शेपू म्हटल्यावर नाकं मुरडू नका, बरं का!

साळूबाई म्हणाली, "वेणू, तिकडचा वारा वाईट गं. तो अंगाला लागला की माणूस आपलं माहेर विसरतं. या जुड्यांचा वास टिकव. वास आहे तोवर विसरायची नाहीस."

मग वेणू राणी झाली. खाऱ्या देशात गवताचं पातं नव्हतं. पांढरी जमीन, पांढरं आभाळ. राणी रोज जुड्या हुंगायची आणि गावाकडे तोंड करून बसायची.

मग तिनं काय केलं, कोथिंबीर सोन्याच्या डबीत कोंबली. झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या दिवशी उघडते तर काय? सगळी काळी, सडकी! वास गेला, आणि वेणू गावाचं नाव विसरली. नाव ओठांवर यायचं नि विरून जायचं.

मग तिनं शेपू गुलाबपाण्यात धुतला आणि ओलाच रेशमात गच्च गुंडाळला. त्याचा झाला चिखल. तशी ती गावची वाट विसरली. खिडकीत उभी राहिली, तर तोंड कुठल्या दिशेला करावं तेच कळेना.

आता राहिला पुदिना. आणि आठवणीत राहिला फक्त आईचा चेहरा. तोसुद्धा कडेकडेनं पुसट व्हायला लागला. वेणूनं जुडी छातीशी धरली आणि हुंदके देत म्हणाली, "तुला कसं ठेवू रे? काय करू म्हणजे तू राहशील?"

आणि काय सांगू, पुदिना बोलला! अगदी हळू. "राणीसाहेब, मी अजून जिवंत आहे. तहान लागलीय मला. पाय पाण्यात ठेवा, डोकं कोरडं ठेवा. आणि कोंडू नका."

मग वेणूनं काड्यांची बुडाची टोकं खुडली. खालची पानं काढली. तांब्यात चार बोटं पाणी घेतलं, काड्या उभ्या ठेवल्या, वरून मलमलीचं फडकं घातलं, सैलसं. तांब्या सावलीत ठेवला. रोज स्वतः पाणी बदललं. पानं ताठ झाली. घमघमाट सुटला. आणि पंधरवड्यानं पाहते, तर काड्यांना पांढरी मुळं!

राजानं लांबून टोपल्या भरभरून माती आणवली. वेणूनं पुदिना लावला. नवी पानं फुटली. एक पान चघळलं, गावाचं नाव आठवलं. निंबारी! दुसरं चघळलं, वाट आठवली. ओढा, चिंच, देऊळ, सगळी.

तिसरं पान तिनं म्हाताऱ्या दासीला दिलं. ती बिचारी कधीची आलेली, कुठली तेही विसरलेली. पान चघळलं मात्र, ती मटकन खाली बसली. म्हणाली, "बाई गं! मला भाऊ होता. धोंडू. आमचा धोंडू!"

राजा ते बघत होता. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "मेणे काढा. ज्याला जिथं जायचंय तिथं पोचवा."

मग वेणू निंबारीला गेली. साळूबाई मळ्यात भाजी खुडत होती. तिनं वर पाहिलं. म्हणाली, "उशीर केलास गं."

वेणू म्हणाली, "वाट हरवली होती, आई."

साळूबाईनं तिला पोटाशी धरलं. किती वेळ धरलं, ते कुणी मोजलं नाही. मग काय, वेणू दर वर्षी माहेरी येऊ लागली. खाऱ्या देशात दारोदारी पुदिना झाला, आणि सगळी माणसं सुखानं राहिली.

चला, पाय आत घ्या, पांघरूण ओढा. मिटा बघू डोळे.