शीव चालणाऱ्या राजाची टाच

एका राज्यात राजाला बसायला सवड नव्हती. सिंहासन होते, सोन्याचे होते, सेवक रोज त्यावरची धूळ झटकत. पण बसायला कोणी नाही. राजा आपला चालत असे. पहाटे अनवाणी निघावे, राज्याची शीव पायाखाली घालावी, परत येऊन चार घास खावे आणि अंग टाकावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सात पिढ्या हेच चालले होते.

याला कारण एक शाप. सात पिढ्यांमागे या घराण्यातल्या एका राजाने दारी आलेल्या जादूगाराला तीन दिवस दरबारात उभे ठेवले. बसा म्हणून म्हटले नाही. चौथ्या दिवशी जादूगार म्हणाला, "राजा, उभं राहणं काय असतं ते तुझ्या घराला कळू दे. आजपासून शिवेच्या वाटेवर रोज उघडं पाऊल मातीला लागलं पाहिजे. जिथे लागणार नाही, ती जमीन माझ्या धुक्याची." एवढे बोलून तो शिवेपलीकडे गेला, आणि तिथे भिंतीसारखे धुके उभे राहिले.

तेव्हापासून शिवेची वाट राजाची झाली. दुसरे कोणी तिच्यावर पाय ठेवीत नसे, गुरेसुद्धा तिथून आडवी नेत नसत. तसा हुकूम कोणी काढला नव्हता. राजाच्या पावलांची वाट, तिला आपला पाय कसा लावायचा, म्हणून लोकांनी ते आपणहून पाळले.

शाप लागल्यापासूनचा सातवा राजा भानुकेतू. वय बावन्न, देह जरा सुटलेला, आणि तीस वर्षांची चाल पायात मुरलेली. त्याच्या तरुणपणी दिवसाला एक फेरी पुरत असे. पण गेली सात वर्षे धुके हातहात आत सरकू लागले होते. राजाला वाटले, आपले चालणे कमी पडते. तो दोन फेऱ्या घालू लागला. आणि त्याची टाच दुखू लागली.

पहाटे पलंगावरून पहिले पाऊल टेकले, की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येई. दुसऱ्या पावलाला जरा कमी, दहाव्याला आणखी कमी, मग पाय सैल होई आणि राजा म्हणे, चला, आजचा दिवस निघेल. दुपारी पाणी प्यायला घटकाभर थांबला, की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी सगळा तळवा पेटलेला असे. रोज सकाळी आपण नव्याने जन्मतो आणि पहिल्याच पावलाला पस्तावतो, असे त्याला वाटे. पण त्याने हे कोणाला सांगितले नाही. राजा लंगडतो हे लोकांनी पाहिले तर त्यांचा धीर सुटेल, म्हणून तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन सरळ चालल्यासारखा चालत राहिला. त्याने गुडघा दुखू लागला, मग कंबर.

शेवटी राजवैद्याला गुपचूप बोलावणे गेले. वैद्याने पाय मांडीवर घेतला. काटा नाही, कुरूप नाही, लाली नाही, सूज नाही. त्याने टाचेच्या पुढच्या कडेला अंगठा दाबला आणि राजाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"महाराज, टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक पट्टा असतो, तो ताणून ताणून दुखावला आहे. पोटरीही आखडली आहे. देह जड झाला, चाल फार, जमीन कठीण. विश्रांती घ्यावी."

"विश्रांती सोडून दुसरं काही सांगा."

 राजाने त्याला शालजोडी देऊन निरोप दिला.

आता राजाच्या खजिन्यात एक पेटी होती. चौथ्या पिढीत ती धुक्यातून आलेली. आत सोन्याच्या खडावा, आणि झाकणावर अक्षरे: 'घालशील तर दुखणार नाही.' आजवर एकाही राजाने ती उघडली नव्हती. भानुकेतूने उघडली. थकलेल्या माणसाला शहाणपण सांगायला मागच्या तीन पिढ्या काही उठून आल्या नाहीत.

खडावांनी शब्द पाळला. त्या दिवशी कळ नाही, आग नाही, काही नाही. राजाने एकाच दिवसात तीन फेऱ्या घातल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो वाटेने गुणगुणला. तिसरी फेरी संपता संपता तो शिवेलगतच्या गावाजवळ आला, तेव्हा गावाची अकरा घरे जागेवर नव्हती. तिथे धुके होते.

धुक्यात गेलेले घर मरत नसे. हाक मारली तर आतून ओ येई, पण वाट सापडत नसे. धुक्याच्या तोंडाशी लिंबाजी पाथरवट उभा होता. त्याच्या हातात पाण्याची घागर तशीच होती.

"महाराज, माझी सगुणा आत हाय. भाकरी थापत होती. मी पाण्याला गेलो तेवढ्यात घर गेलं."

तो ओरडला, "सगुणा!" आतून उत्तर आले, "ओ!" लिंबाजी धुक्यात शिरला आणि दहा पावलांनी जिथून शिरला होता तिथूनच बाहेर आला. असे त्याने चारदा केले. घागर त्याने खाली ठेवली नाही.

राजाने खडावा काढल्या आणि धुक्यात भिरकावल्या. त्यासरशी दिवसभर अडवून धरलेले दुखणे एकदम टाचेत उतरले. त्याला लिंबाजीपुढे उभे राहवेना. तो वाटेने थोडा पुढे गेला आणि कोणी दिसत नाही असे पाहून मटकन खाली बसला.

"बसलास? बरं केलंस," कोणीतरी म्हणाले.

वाटेवरच्या दगडावर एक टिटवी उभी होती.

"तू कोण?"

"टिटवी. आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपते. पायांचं दुखणं मला कळतं."

"घरं परत कशी येतील?"

"आधी तुझा पाय बरा झाला पाहिजे. तीन कामं आहेत."

राजा कसाबसा उठून उभा राहिला. "सांग. कोणता राक्षस मारू? कुठल्या डोंगरावरचं पाणी आणू?"

"राक्षस नको. उद्या जागा झालास की पाय खाली टाकू नकोस. उपरणं घे, तळव्याला अडकव आणि बोटं आपल्याकडे ओढून धर. सावकाश तीस मोज. सोड. असं तीनदा. मग उठून भिंतीला हात लाव, दुखरा पाय मागे घे, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताण. संध्याकाळी गार पाण्याचा तांब्या आडवा ठेव आणि त्यावरून तळवा फिरव."

"एवढंच?"

"रोज करून बघ. राक्षस एकदाच मारायचा असतो."

राजाने सात दिवस नेमाने केले. तांब्यावरून पाय फिरवताना त्याला आपले हसू आले, कीवही आली. आठव्या पहाटे पहिले पाऊल टेकले आणि कळ आली, पण खिळ्याची नव्हे, बोरीच्या काट्याची. राजा इतका हरखला की त्याने लगेच पुन्हा तीन फेऱ्या घातल्या. नवव्या पहाटे खिळा परत आला. त्याच दिवशी गावची विहीरही धुक्यात गेली.

तो टिटवीकडे गेला. ती त्याच दगडावर होती.

"दुसरं काम," ती म्हणाली. "वहाणा घाल. टाचेला जाड आणि मऊ. घरातसुद्धा अनवाणी उतरू नकोस. आणि दुखणं ओसरेपर्यंत फेरी बंद."

राजा चिडला. थकलेला माणूस चिडतो तसा, आवाज न चढवता. "या पायांवर राज्य उभं आहे. मी चाललो नाही तर काय होईल ते तुला ठाऊक आहे."

टिटवीने दगडावर पाय बदलला. मग म्हणाली, "मलाही तसंच वाटायचं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या पायाला लागलं, पाय वर होईना. कुशीवर झोपले. सकाळी डोळे उघडले आणि आधी आभाळ पाहिलं."

"मग?"

"होतं जागेवर. खरं सांगू, मला जरा वाईटच वाटलं."

राजा शेजारच्या दगडावर बसला. दोघेही धुक्याकडे बघत राहिले.

"मग शीव कोण चालणार?" त्याने विचारले.

"ते तिसरं काम. शापाने उघडं पाऊल मागितलं होतं, मातीला लागलेलं. राजाचंच पाऊल हवं असं कोणी म्हटलं होतं? आणि तू ज्यावर बसला आहेस ते काय आहे?"

राजाने खाली पाहिले. तो काळा घडीव दगड होता. सगळी वाटच तशी होती. अकरा वर्षांमागे एका पावसाळ्यात लिंबाजीने राजाला गुडघाभर चिखलातून शीव चालताना पाहिले होते आणि तो रडला होता. मग वाटेवर पाय न ठेवता, बाहेरून हात पोचवीत त्याने आणि गावोगावच्या लोकांनी चार वर्षे खपून ही वाट दगडांनी बांधून काढली. शेवटचा दगड बसला तेव्हा राजाने लिंबाजीला मिठी मारली होती. त्याला आता सात वर्षे झाली होती.

"सात वर्षांत तुझा पाय मातीला लागलेला नाही," टिटवी म्हणाली. "म्हणून धुकं आत आलं. तू चालणं वाढवलंस, तेही दगडावर. खडावा घातल्यास तेव्हा तर पाऊल उघडंही राहिलं नाही, म्हणून घरं गेली. दगड उचलायला हवेत. लिंबाजीला सांग."

"हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

"तेच काम आहे," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

दुसऱ्या दिवशी राजा नव्या वहाणा घालून शिवेवरच्या गावी गेला. लपवायचे सोडले, त्यामुळे तो उघड लंगडत होता. लोक घराबाहेर येऊन बघत उभे राहिले. लिंबाजी धुक्याच्या तोंडाशीच बसला होता.

"लिंबाजी, माझी टाच दुखते," राजा म्हणाला. सात वर्षांत त्याने हे वाक्य चारचौघांत उच्चारले नव्हते. "सात वर्षं दुखते आहे. वाटेवर दगड आल्यापासून. दगडामुळेच माती झाकली गेली आणि धुकं आत आलं."

लिंबाजीने राजाच्या वहाणांकडे पाहिले, मग वाटेकडे, मग धुक्याकडे. 

"म्हंजी सगुणा माझ्या दगडांनी गेली."

"माझ्या खडावांनी आणि माझ्या गप्प राहण्याने गेली. पहिल्या वर्षीच बोललो असतो तर तू तेव्हाच दगड उचलले असतेस."

"उचलले असते," लिंबाजी म्हणाला. त्याने उठून पहार आणली.

पहिला दगड निघाला. खाली ओली माती होती आणि तीत पांढरे पडलेले गवत. राजा म्हणाला, "मला आता चालवत नाही. माझ्याऐवजी तुम्ही चाला." कोणी पुढे होईना. राजाची वाट ती. मग लिंबाजीनेच डोळे मिटून आपला भेगाळलेला पाय त्या मातीवर ठेवला. धुके टिचभर मागे सरले. ते पाहून बाया आल्या, म्हातारी माणसे आली, पलीकडच्या गावांतले लोक पहारी घेऊन आले. ज्या गावाची जेवढी शीव, तेवढी त्याने रोज चालायची असे ठरले. राजा काढलेल्या दगडावर बसून होता. भर दिवसा बसण्याची त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत फार मोठा आराम वाटला.

पाय काही एका दिवसात बरा झाला नाही. महिना गेला, दोन गेले. उपरणे, भिंत, तांब्या, वहाणा. राजाने रात्रीचे तूपपोळीचे जेवण निम्मे केले, ते त्याला सगळ्यांत जड गेले. काही सकाळी बऱ्या जात, काही सकाळी सगळे व्यर्थ वाटे. लिंबाजी रोज आपला तुकडा चालून येई, धुक्यात हाक मारी, ओ ऐकी, आणि मग राजाजवळ येऊन बसे. 

तिसऱ्या महिन्यात, एका दुपारी, धुके विरळ झाले आणि त्यातून जादूगार बाहेर आला. दाढी गुडघ्यापर्यंत, डोळे लाल. लोक पांगले. लिंबाजीने पहार घट्ट धरली. राजाने मात्र जादूगाराच्या डोळ्यांकडे पाहिले नाही, पायांकडे पाहिले. जादूगार पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन उभा होता.

"किती दिवस उभे आहात?" राजाने विचारले.

"सात पिढ्या. धुकं राखायचं तर मलाही उभंच राहावं लागतं."

"सकाळी पहिल्या पावलाला जास्त दुखतं?"

जादूगाराचा चेहरा उतरला. "फार," तो म्हणाला.

राजा दगडावर जरा सरकला. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. "बसा," तो म्हणाला.

जादूगार त्या जागेकडे बघत राहिला. मग हळूहळू, गुडघ्यांवर हात टेकत, खाली बसला आणि त्याने एक लांब सुस्कारा सोडला. त्याबरोबर सगळे धुके वर उचलले गेले. अकरा घरे होती तिथे होती, विहीर होती तिथे होती. एका दारातून सगुणा पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"पाण्याला गेला होता का पाणी खणायला?" ती लिंबाजीला म्हणाली. "भाकरी करपली की."

लिंबाजीने पहार टाकली. त्याला रडू आवरेना, आणि सगुणाला काही उमजेना; तिच्या लेखी घटकाच गेली होती. तिने राजाला पाहिले आणि पाया पडायला वाकली. राजाने पाय मागे घेतले.

"पायांना हात लावू नकोस, बाई," तो म्हणाला. "अजून थोडे दुखतात."

मग त्याने खांद्यावरचे उपरणे काढले आणि जादूगाराच्या तळव्याला कसे अडकवायचे ते दाखवू लागला.

पुढे त्या राज्यात वाट सगळ्यांची झाली आणि सिंहासनावर राजा बसू लागला. दरबारात येणाऱ्याला आधी बसायला पाट मिळे, मग विचारणा होई. टिटवी आता वाटेल त्या कुशीवर झोपते. त्या राजाची टाच जशी बरी झाली, तशी ऐकणाऱ्यांची होवो, आणि सांगणाऱ्याचीही होवो. तो मघापासून उभाच आहे, कोणी बसा म्हणेल तर बसेल.