गाठ कोणी बघायची

“पण माझ्या दोराची गाठ त्या पोरीनं का तपासायची?” निरंजननं पुन्हा विचारलं.

पेंढारकर ताई पडवीत मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे पातेल्यात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.



कळमदऱ्याचं हे शिबिर ताईंनी सुरू केलं तेव्हा त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आता सत्तरी उलटली होती. गावोगावची शाळकरी मुलं आठवडाभर इथं राहायची, डोंगर चढायची, दोरावरून कडा उतरायची आणि आपापलं ताट घासायची. ताट घासायलाच जास्त घाबरायची म्हणा.

निरंजन कर्वे याच शिबिरात लहानाचा मोठा झालेला. हिमालयातली शिखरं करून आला होता आणि ते कुणाला विसरू देत नव्हता. ताईंनंतर शिबिर तोच चालवणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. त्यानं तर कधीच धरलं होतं.

भांडणाचं मूळ म्हणजे पडवीची भिंत. तिच्यावर शिबिराची तत्त्वं लिहिलेली होती आणि ओलीनं त्यांचे पोपडे निघाले होते. रंग द्यायचाच आहे तर मजकूरही नवा देऊ, असं निरंजनचं म्हणणं.

कारण जुना मजकूर काय, तर सगळ्यात हळू चालणाऱ्यानं सगळ्यात पुढे चालावं. प्रमुखानं शेवटी जेवावं. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: आपली गाठ दुसऱ्याला दाखवावी.

आता ही काय तत्त्वं झाली? धैर्य, जिद्द, नेतृत्व असे शब्द हवेत, वाचून पोरांची छाती फुगली पाहिजे, असं त्यानं ताईंना सकाळपासून ऐकवलं होतं. गाठीबिठीचं खाली कोपऱ्यात कुठंतरी लिहू म्हणाला.

खरं दुखणं निराळंच होतं. कमरेला दोर बांधला की गाठ दुसऱ्याला दाखवायची, तो “बघितली” म्हणेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, हा तिथला नियम. आणि जुन्या माणसांच्या गाठी बघायच्या त्या शिबिरातल्या सगळ्यात नव्या पोरानं.

यंदा सगळ्यात नवी होती सायमा. मालेगावची, सातवीतली. एसटी चुकली म्हणून एक दिवस उशिरा पोचलेली. स्वतःची गाठ बांधताना तिची जीभ अजून दातांत यायची, आणि ही निरंजनची गाठ बघणार. पोरांसमोर.

“कालपरवा शिकलेली मुलगी आहे, ताई. मी झोपेत बांधली तरी माझी चुकायची नाही.”

ताईंनी पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

“उरलेले तू सोल,” म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

शिबिराच्या शेवटच्या सकाळी कड्यावरून सगळ्यांच्या आधी ताईंनी उतरायचं, अशी रीत होती. या वर्षी त्यांचा गुडघा धड नव्हता. निरंजननं नको म्हणून बघितलं, पण ताई कुणाचं ऐकतील तर त्या ताई कसल्या.

माथ्यावर मुलं रांगेत बसली. वारा बोचरा होता. ताईंनी कमरेचा पट्टा आवळला, त्यात दोर ओवला, गाठ मारली आणि वरून विंडचीटर खाली ओढलं.

कडा उतरताना दोर दोन असतात. एक आपल्या हातांनी सोडत उतरायचं. दुसरा कमरेला बांधलेला, तो वरचा माणूस सांभाळतो. हात सुटला, पाय घसरला, तर जीव या दुसऱ्या दोरावर. तो दोर निरंजनच्या हातात होता.

“चला ताई,” तो म्हणाला.

ताई हलल्या नाहीत. त्यांनी सायमाकडे बघितलं.

सायमा उठून आली. पोरगी आधी बावरली, मग तिनं ताईंना विंडचीटर वर करायला सांगितलं. वाकली. दोर जसा फिरला होता तसं गाठीवरून बोट फिरवत गेली. सावकाश, अगदी पाढे म्हणावेत तसं.

निरंजननं घड्याळ बघितलं.

बोट थांबलं.

“ताई… हे टोक परत आलंच नाहीये.”



ती आठ आकड्याची गाठ. आठाचा आकडा बांधायचा, टोक पट्ट्यातून घ्यायचं आणि आल्या वाटेनं पुन्हा पूर्ण फिरवून आणायचं. ताईंचं टोक पट्ट्यातून आलं होतं आणि पहिल्याच वळणात नुसतं खोचलं गेलं होतं. दिसायला गाठ होती. भार पडला असता तर सळकन सुटली असती.

निरंजन तर ताईंच्या शेजारीच उभा होता. गाठ बांधली जाताना त्याचं लक्ष ताईंच्या चेहऱ्याकडे होतं. ताईंची गाठ काय बघायची, असंच त्याला वाटलं होतं. तेवढंही वाटलं नव्हतं खरं तर.

ताईंनी गाठ सोडली. पुन्हा बांधली. सायमानं पुन्हा बोट फिरवलं, टोक ओढून बघितलं.

“बघितली,” ती म्हणाली.

ताई कड्यावरून पाठमोऱ्या उतरू लागल्या. निम्म्यावर पोचल्या असतील. तेवढ्यात त्यांचा गुडघा वाकला, पाय कातळावरून सटकला आणि हातातला दोर निसटला.

निरंजनच्या हातातला दोर ताडकन ताणला गेला. त्याच्या टाचा जमिनीत रुतल्या. ताईंचा सगळा भार त्याच्या पंजांत आला…

गाठ धरून होती.

खाली काही दिसत नव्हतं. त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यात इतका तो कधी घाबरला नव्हता, हिमालयातसुद्धा नाही.

मग खालून आवाज आला, नेहमीचाच, शाळा भरवल्यासारखा.

“अरे, सोड हळूहळू. का इथंच वाळत घालतोस मला?”

मुलं फिसकन हसली. निरंजनही हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत. हात दोरावर होते ना. ताईंचे पाय जमिनीला टेकले तेव्हा कुठं त्यानं दोर ढिला केला आणि मटकन खाली बसला. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेला असं त्याला झालं. ताई होत्या. खाली उभ्या राहून कुणाला तरी बूट नीट बांध म्हणून रागावत होत्या. याहून गोड त्यानं काही ऐकलं नव्हतं.

एकेक करून मुलं उतरली. शेवटी माथ्यावर दोर धरायला थांबलेले एक शिक्षक, सायमा आणि निरंजन उरले.

निरंजननं आपली गाठ बांधली. झोपेतही चुकली नसती अशी. मग तो सायमासमोर गेला आणि विंडचीटर वर धरून उभा राहिला.

तिनं अजिबात घाई केली नाही. बोट फिरवलं, टोक ओढलं, आणि काय वाटलं कोण जाणे, पहिल्यापासून परत एकदा सगळं बघितलं. त्यानं विंडचीटर वर धरूनच ठेवलं.

“बघितली, दादा.”

तो उतरला.

संध्याकाळी मुलांना एसटीत बसवून दिल्यावर पडवी ओकीबोकी झाली. निरंजननं रंगाचा डबा फोडला. सगळ्यात वरची जुनीच ओळ त्यानं गिरवायला घेतली, ठळक अक्षरांत, होती तशीच. ताई चहाचा कप घेऊन मागे येऊन बसल्या. गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं.

एक प्रश्न त्याला दुपारपासून छळत होता. ताई असं कधी चुकायच्या नाहीत. त्याला धडा शिकवायचा म्हणून त्यांनी हे केलं असेल, तर मग सगळं ठीकच होतं. तसंच असू दे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्यानं ब्रश खाली ठेवला.

“ताई, खरं सांगा. सकाळी गाठ तुम्ही मुद्दाम चुकवली होतीत ना?”

ताईंनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. आपले दोन्ही हात उताणे करून त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं…

“ती चुकलीय हे मला कसं माहीत असणार, निरंजन? बघितली तिनं.”