झुळकीचा घोटा

फार जुन्या काळी एका माळावर काळविटांचा कळप राहत होता. त्यात झुळकी नावाची हरणी सगळ्यांत वेगवान. लांडगे आले की ती मुद्दाम त्यांच्यासमोरून धावत त्यांना लांब नेई, आणि तेवढ्यात कळप निसटून जाई.

एकदा बिळात खूर अडकून तिचा घोटा मुरगळला. शेजारची म्हातारी सायाळ म्हणाली, "महिनाभर पळू नकोस. ठणका थांबला म्हणजे पाय बरा झाला असं नसतं."

दहाव्याच दिवशी लांडगे दिसले. कळपाचा म्होरक्या धापा टाकत आला. "झुळके, आजचा दिवस धाव. मग जन्मभर आम्ही तुला सांभाळू."

झुळकी धावली. कळप वाचला. करवंदीच्या जाळीत शिरून तीही कशीबशी वाचली, पण घोटा कायमचा गेला.

उन्हाळ्यात माळ करपला, तेव्हा कळप नदीपलीकडच्या कुरणाकडे निघाला. लंगडणारी झुळकी मागे पडू लागली. "जरा हळू चला," ती म्हणाली.

म्होरक्या न थांबता म्हणाला, "तू मागंच राहा. लांडगे आलेच, तर त्यांना आधी तू सापडशील."

हे ऐकून तिच्या शेजारून चालणारी तिची सख्खी बहीण झपाझप पुढे निघून गेली.